चोर कोण? – दहाजणांनी मिळून खेळायचा बिनखर्ची खेळ

सुट्टीच्या दिवसांत, लग्नघरी किंवा चार घरचे पाहुणे एका ठिकाणी जमले की रात्रीची जेवणे उरकल्यावर प्रश्न उभा राहतो, आता करायचे काय? कॅरमवर चारच जण बसतात, बाकीचे नुसते बघतात. टी.व्ही. लावला की बोलणे बंद. मुलांच्या हातात मोबाईल गेला की ज्याचा तो आपल्या कोपऱ्यात. खोली दहा बाय बाराची, माणसे दहा-अकरा, आणि करमणुकीवर खर्च करायला कोणाच्याच खिशात फारसे काही नाही. अशा वेळी आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना एका फरशीवर गोल बसवणारा एक खेळ आहे. त्याला दहा चिठ्ठ्या आणि एक घड्याळ एवढेच सामान लागते.

या खेळाचे जगभरचे नाव 'माफिया'. आपण त्याला घरगुती नाव देऊ, 'चोर कोण?' खेळात बोलावे लागते, ऐकावे लागते, आणि दुसऱ्यावर आरोप करण्यापूर्वी कारण द्यावे लागते. म्हणूनच तो घरात यावा असे आम्हाला वाटते.

चार चिठ्ठ्यांचा जुना खेळ

आपल्याकडे राजा-मंत्री-चोर-शिपाई हा खेळ कोणी खेळला नाही? वहीच्या कागदाच्या चार चिठ्ठ्या करायच्या, हवेत उडवायच्या आणि ज्याच्या हाती जी लागेल ती त्याची. राजा आपली चिठ्ठी उघड करतो आणि मंत्र्याला पुढे बोलावतो. उरलेल्या दोघांत चोर कोण आणि शिपाई कोण हे मंत्र्याने ओळखायचे. राजाला हजार, मंत्र्याला आठशे, शिपायाला पाचशे आणि चोराला शून्य. हे आकडे गल्लोगल्ली बदलतात. मंत्र्याचा अंदाज चुकला की त्याचे गुण चोराला जातात.

'चोर कोण?' हा याच जातकुळीतला खेळ. आपण कोण आहोत हे चिठ्ठी ठरवते आणि ते लपवून ठेवायचे असते. मात्र जुन्या खेळात मंत्र्यापुढे दोनच माणसे असतात. कोणी काही बोलत नाही, मंत्री तोंडाकडे बघतो आणि एकावर बोट ठेवतो. सगळा मामला छापा-काट्याचा. नव्या खेळात दहा माणसे असतात, प्रत्येकाला बोलायची मुभा असते, आणि चोर कोण हे एकटा मंत्री नव्हे तर सगळे मिळून मतदानाने ठरवतात. त्यामुळे नशिबाचा भाग कमी होतो आणि बुद्धीचा वाढतो.

मॉस्कोहून आलेला खेळ

हा खेळ तयार केला दिमित्री दाविदोव या मानसशास्त्राच्या रशियन विद्यार्थ्याने. साल १९८६-८७, ठिकाण मॉस्को विद्यापीठ. थोडी माणसे आहेत, पण त्यांना खरी माहिती आहे आणि ती एकमेकांना ओळखतात. दुसरीकडे पुष्कळ माणसे आहेत, पण त्यांना काहीच माहीत नाही. या दोन गटांची झुंज लावली तर कोण जिंकेल? खेळाचा पाया हाच प्रश्न आहे.

विद्यापीठाच्या वर्गांतून आणि वसतिगृहांतून तो खेळ बाहेर पडला. नव्वदच्या दशकात युरोपात आणि अमेरिकेत पोचला. १९९७ साली अँड्र्यू प्लॉटकिन या अमेरिकन लेखकाने चोरांच्या जागी रात्री लांडगा होणारी माणसे आणली, आणि त्या रूपातही तो फार लोकप्रिय झाला. मोबाईलवरचा 'अमंग अस' हा खेळ २०१८ साली निघाला आणि २०२० च्या लॉकडाऊनमध्ये घरोघरी खेळला गेला, तो याचाच वंशज. नेदरलँड्समध्ये २०२१ साली सुरू झालेल्या टी.व्ही. कार्यक्रमावरून २०२५ साली करण जोहर यांनी आपल्याकडे 'द ट्रेटर्स' हा कार्यक्रम सादर केला. त्याचे चित्रीकरण जैसलमेरच्या महालात झाले होते. आपल्याला महाल लागत नाही, सतरंजी पुरते.

तयारी

एक जण सूत्रधार. तो स्वतः खेळत नाही, खेळ चालवतो. शहरातली कॉलेजची मुले सूत्रधाराला 'गॉड' म्हणतात, कारण रात्री सगळ्यांचे डोळे मिटलेले असताना एकट्यालाच सर्व दिसते. आपल्याला देव नेमायची गरज नाही, सूत्रधार पुरे.

सूत्रधाराखेरीज दहा माणसे आहेत असे धरून चालू. त्यांची वाटणी अशी :

चोर – २
हवालदार – १
वॉचमन – १
गावकरी – ६

'माफिया'त चोरांऐवजी माफिया खून करतात आणि वॉचमनच्या जागी डॉक्टर जीव वाचवतो. लहान मुलांसोबत खेळताना खून नको. आपल्या खेळात चोर घर फोडतात आणि वॉचमन घर राखतो.

चिठ्ठ्या एकाच कागदाच्या, एकाच पेनाने लिहिलेल्या आणि सारख्या घड्या घातलेल्या असाव्यात. पातळ कागदावर शाई मागून दिसते, म्हणून वहीचे पुठ्ठ्याचे कव्हर किंवा लग्नपत्रिकेचा जाड कागद घ्यावा. घरात पत्ते चालत असतील तर आणखी सोपे : इस्पिक आणि किलवरचा एक्का म्हणजे चोर, बदामचा राजा हवालदार, बदामची राणी वॉचमन, आणि चौकटच्या दुर्रीपासून सत्तीपर्यंतची सहा पाने गावकरी. पाने पिसून प्रत्येकाला एक द्यायचे. ज्याने त्याने आपले पान बघून मांडीखाली ठेवायचे. ते दुसऱ्याला दाखवायचे नाही, पण तोंडाने काय सांगावे याला बंधन नाही. चोर "मी गावकरी" असे खुशाल म्हणू शकतो. तोच तर खेळ आहे.

रात्र

सूत्रधार म्हणतो, "रात्र झाली. गाव झोपले. सगळ्यांनी डोळे मिटा." सगळे डोळे मिटतात आणि एका हाताने मांडीवर हलकेच थापटत राहतात. या आवाजामुळे कोणी हात उचलला, कोण हलले, याची चाहूल शेजाऱ्याला लागत नाही. दाटीने बसलेल्या घरात ही युक्ती फार उपयोगी पडते.

मग सूत्रधार क्रमाने पुकारतो :

"चोरांनो, डोळे उघडा. एकमेकांना ओळखा. कोणाचे घर फोडायचे ते बोटाने दाखवा." दोघे खुणेने एकमत करतात. "चोरांनो, डोळे मिटा."

"वॉचमन, डोळे उघडा. आज कोणाचे घर राखणार?" वॉचमन एकाकडे बोट दाखवतो. स्वतःचे घरही राखता येते, पण लागोपाठ दोन रात्री एकच घर राखता येत नाही. "वॉचमन, डोळे मिटा."

"हवालदार, डोळे उघडा. कोणाची झडती घ्यायची?" हवालदार एकाकडे बोट दाखवतो. तो चोर असेल तर सूत्रधार होकाराची मान हलवतो, नसेल तर नकाराची. "हवालदार, डोळे मिटा."

हे सगळे एका मिनिटात उरकते. "सकाळ झाली, सगळ्यांनी उठा," असे म्हणून सूत्रधार बातमी देतो. चोरांनी निवडलेले घर वॉचमननेच राखले असेल तर, "चोर आले होते, पण हात हलवत परत गेले." नसेल तर, "काकांचे घर फुटले." मग काका आपले पान उघडे करतात आणि कट्ट्यावर जाऊन बसतात. म्हणजे ते खेळातून बाद.

दिवस

आता गाव जागे झाले. पाच मिनिटे घड्याळ लावून चर्चा करायची. कोणावर संशय आहे, का आहे, हे ज्याने त्याने सांगायचे. एखाद्यावर आरोप झाला आणि दुसऱ्या कोणीतरी त्याला अनुमोदन दिले की आरोपीला एक मिनिट बोलू द्यायचे. त्या मिनिटात बाकी सगळे गप्प.

मग मतदान. सूत्रधार "एक, दोन, तीन" म्हणतो आणि तीनला सगळ्यांनी एकाच वेळी बोट दाखवायचे. "कोणीच नाही" असे मत द्यायचे असेल तर हात जमिनीवर ठेवायचा. एकामागून एक हात वर केले तर मागचा पुढच्याचे बघून मत देतो, आणि थोरल्यांनी हात वर केला की धाकट्यांची हिंमत होत नाही. एकाच वेळी बोट दाखवले म्हणजे प्रत्येकाचे मत त्याचे स्वतःचे राहते.

निम्म्याहून जास्त मते ज्याच्यावर पडतील तो कट्ट्यावर जातो आणि पान उघडे करतो. तेवढी मते कोणालाच नसतील तर त्या दिवशी कोणी जात नाही. मग पुन्हा रात्र.

दोन्ही चोर पकडले गेले की गाव जिंकले. खेळात उरलेल्या चोरांची संख्या बाकीच्यांइतकी झाली की चोर जिंकले. दोन चोर आणि दोन गावकरी उरले तर गावाला निम्म्याहून जास्त मते मिळणार कुठून? म्हणून तिथेच खेळ संपतो.

किती माणसांत किती चोर?

पाच ते सात माणसे असतील तर एकच चोर ठेवावा. आठ ते अकरा असतील तर दोन. त्याहून मोठा मेळा असेल तर तीन. या खेळाचा गणिती अभ्यास मार्क ब्रेव्हरमन, ओमिद एतेसामी आणि एल्खानन मोसेल या तिघांनी २००८ साली प्रसिद्ध केला. त्यांनी दाखवले की हवालदार नसेल तर चोरांची संख्या खेळाडूंच्या वर्गमुळाच्या मानाने वाढवली की दोन्ही बाजूंना जिंकण्याची बरोबरीची संधी राहते. सोप्या भाषेत, माणसे चौपट झाली तर चोर दुप्पट पुरतात. माहिती असलेले थोडे लोक किती भारी पडतात हे यावरून कळावे. हवालदार आला की मात्र चित्र पालटते. मग माणसांच्या प्रमाणात चोर वाढवले तरी गावाला झुंज देता येते. एका माणसाची पक्की माहिती अख्ख्या गावाला तारते.

आणखी एक हिशेब पाहा. समजा चोर एक आहे, हवालदार-वॉचमन कोणी नाही, आणि गाव रोज अंदाजपंचे कोणालातरी कट्ट्यावर पाठवते. सकाळी पाच जण जागे असतील तर गाव १५ पैकी ७ वेळा जिंकेल. सहा असतील तर ८ पैकी ३ वेळाच. माणूस वाढला आणि गावाची संधी घटली! कारण पाच असोत की सहा, गावाला चोर पकडायच्या संधी दोनच मिळतात. सहावा माणूस आला म्हणजे चुकून पकडला जाईल असा एक निरपराध तेवढा वाढतो.

यातून शहाणपणाची गोष्ट निघते. सकाळी चार जण उरले आहेत, चोर एक आहे आणि पुरावा काहीच नाही. घाईने मत दिले तर चोर सापडण्याची शक्यता चारात एक. त्या दिवशी सगळ्यांनी हात जमिनीवर ठेवले तर रात्री एक घर फुटेल हे खरे. पण सकाळी तिघे उरतील आणि शक्यता तिनात एक होईल. माहिती नसताना निकाल न देणे हे पुष्कळदा जास्त फायद्याचे असते, हे कागदावर मांडून मुलांना जरूर दाखवावे. गणिताच्या पुस्तकात संभाव्यता शिकताना कंटाळणारी मुले इथे आपणहून आकडे मांडतात.

विचार कसा करावा?

नवीन माणसे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात. "ताई हसली, म्हणजे ताईच चोर." असा खेळ दोन डावांत कंटाळवाणा होतो. खरा धागा मतांत सापडतो. म्हणून एका वहीत रोजची मते लिहून ठेवावीत : कोणी कोणावर बोट दाखवले. एक चोर सापडला की वही मागे चाळावी. त्या चोराला वाचवायला कोण धावले होते? सगळे एकीकडे असताना भलतीकडे कोणाचे बोट गेले होते? तोंडाचे शब्द बदलता येतात, वहीत नोंदलेले मत बदलता येत नाही.

हवालदाराची कसोटी सगळ्यांत अवघड. पहिल्याच सकाळी "मी हवालदार" म्हणून सांगितले तर त्याच रात्री चोर त्याच्या घरी येणार. सांगितलेच नाही आणि घर फुटले, तर त्याची माहिती त्याच्याबरोबर कट्ट्यावर गेली. बोलावे कधी? साधारण नियम असा की एखादा चोर पक्का हाती लागला की बोलावे. वॉचमनने त्या रात्री त्याचे घर राखावे.

समजा, घरातली थोरली मुलगी हवालदार आहे. पहिल्या रात्री तिने मावशीची झडती घेतली, मावशी निर्दोष. दुसऱ्या रात्री मामाची घेतली, मामा चोर. सकाळी सात जण उरलेत. ती उठून सांगते, "मी हवालदार. मामा चोर आहे." मामा काही कच्चा नाही. तो म्हणतो, "खोटं! हवालदार मी आहे आणि चोर हीच." आता गावाने काय करावे?

हवालदार एकच आहे. म्हणजे दोघांपैकी एक नक्की खोटा, आणि सहसा खोटा निघतो तो चोरच. गावाने मामाला कट्ट्यावर पाठवले तर दुसऱ्या सकाळी पाच जण उरतील, त्यांत चोर एकच. चुकून मुलीला पाठवले तर तिचे पान उघड होईल, ती खरी हवालदार होती हे सगळ्यांना दिसेल, आणि सकाळी उरलेल्या पाचांत दोन चोर असले तरी त्यातला एक कोण हे सगळ्या गावाला ठाऊक असेल. नुकसान झाले, पण गाव संपले नाही. एवढा विचार दहा वर्षांचे पोर तिसऱ्या डावात करू लागते.

चोरांसाठीही दोन शब्द. दोघांनी सारखे एकमेकांचे समर्थन करू नये, आणि प्रत्येक वेळी एकाच माणसावर बोट दाखवू नये. गावकऱ्याला जे प्रश्न पडतील तेच आपल्यालाही पडले आहेत असे वागावे. चोराच्या उलट्या बोंबा लगेच ऐकू येतात. शांतपणे कारण देणारा चोर शेवटपर्यंत टिकतो.

गप्प बसलेला चोर नसतो

आता मुद्द्याची गोष्ट. हा खेळ दोन-चार वेळा खेळलेल्या कोणालाही विचारा, पहिल्या दिवशी कट्ट्यावर कोण जातो? बहुतेक वेळा जो गप्प असतो तो. लाजरी भाची, नवीन लग्न होऊन आलेली सून, गावाहून आलेला आणि बोलताना अडखळणारा चुलतभाऊ. "बघा कसा गप्प बसलाय, नक्कीच हा." एकाने म्हणायचे आणि दहांनी री ओढायची. पान उघडले की निघतो चौकटचा पंजा. सगळे हसतात. पण त्या पोराचे तोंड पाहावे.

चोराच्या मनात चांदणे, असे आपण म्हणतो. चोराचा चेहराच सांगतो, अशी आपली समजूत असते. शास्त्र तसे म्हणत नाही. चार्ल्स बाँड आणि बेला डीपाउलो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली या विषयावरच्या दोनशेहून अधिक अहवालांचा एकत्र अभ्यास केला. समोरचा खरे बोलतो की खोटे, हे ओळखण्यात माणसे सरासरी शंभरात ५४ वेळा बरोबर ठरतात. नाणे उडवले तर ५० वेळा बरोबर येईल! घाम येणे, नजर चुकवणे, जीभ अडखळणे ही भीतीची लक्षणे आहेत. आणि भीती निरपराधालाही वाटते. आपल्यावर विश्वास बसेल की नाही याची त्याला खात्री नसते.

खेळातला संशय पाच मिनिटांत विसरला जातो. बाहेरच्या जगात तसे होत नाही. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. पाळण्यातले पोर चोर ठरले. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, तरी पारधी वस्तीवरचा संशय कागदाबरोबर संपला नाही. चोरी झाली की पहिला हात कोणाच्या खांद्यावर पडतो, शाळेत पैसे हरवले की कोणाचे दप्तर आधी तपासले जाते, घरकामाच्या ठिकाणी दागिना सापडेना की कोणाकडे बघितले जाते, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

म्हणून घरातल्या खेळात एक नियम पहिल्या दिवसापासून पक्का करावा. आरोप करायचा तर खेळातल्या बोलण्यावर, वागण्यावर आणि मतावर करायचा. कोणाचा रंग, रूप, कपडे, बोलीभाषा, शाळेतले मार्क, आईबापाचे काम यावरून एक शब्दही काढायचा नाही. "मला तसं वाटतं" हे कारण धरायचे नाही. "काल तू मावशीवर बोट दाखवलंस आणि आज म्हणतोस मावशीवर माझा विश्वास आहे, हे कसं?" हे कारण धरायचे. मुले हा फरक फार लवकर शिकतात, आणि एकदा शिकली की मोठ्यांनाही टोकतात.

दुसरा नियम, मतदानाच्या आधी प्रत्येकाला अर्धा मिनिट बोलायला द्यायचे. सूत्रधाराने गोलात एकेकाला नाव घेऊन विचारायचे, "सूनबाई, तुम्हाला कोण वाटतं?" ज्यांना घरात कोणी मत विचारत नाही त्यांना इथे विचारले जाते. पहिल्या दिवशी "मला नाही माहीत" म्हणणारी बाई चौथ्या डावाला सासऱ्यांकडे बोट दाखवून सांगते, "मामंजी, तुमचं कालचं आणि आजचं बोलणं जुळत नाही." आणि सासरे खरेच चोर निघतात, तेव्हा घरात जो हशा होतो तो ऐकण्यासारखा असतो.

शब्द जपून

काही ठिकाणी मतदानाने बाद झालेल्याला "गावाबाहेर काढला" किंवा "वाळीत टाकला" असे म्हणतात. आपल्या घरात हे शब्द नकोत. आपल्या वाडवडिलांनी गावाबाहेरचे जिणे भोगले आहे. ते हशाचा विषय नाही. म्हणून आम्ही वर 'कट्ट्यावर बसला' असे म्हटले. कट्ट्यावरचा माणूस खेळ बघतो, मतांची वही सांभाळतो आणि पुढच्या डावाला परत येतो.

सूत्रधाराला सूचना

हवालदार किंवा वॉचमन बाद झाला तरी रात्री त्याला पुकारणे थांबवू नये. तेवढाच वेळ थांबून मग पुढे जावे. आवाजाची दिशा आणि चढउतार सारखा ठेवावा. चोरांकडे तोंड करून बोलले तर डोळे मिटलेल्यांनाही कळते.

कट्ट्यावरच्यांनी एक शब्दही बोलायचा नाही, मान हलवायची नाही, सूचक खोकायचे नाही. त्यांना रात्री डोळे उघडे ठेवता येतात, त्यामुळे सगळे माहीत असते, आणि गप्प बसणे फार जड जाते. हा खेळातला सर्वांत अवघड नियम आहे.

आठ वर्षांखालच्या मुलाला एकट्याने चिठ्ठी देऊ नये. त्याला आजीच्या मांडीवर बसवून दोघांची मिळून एक चिठ्ठी करावी. पैसे लावून खेळू नये. सूत्रधार दर डावाला बदलावा. एकदा मुलींपैकी कोणाला तरी करावे, कारण सूत्रधाराचे सगळ्यांना ऐकावे लागते.

आणि खेळात खोटे बोललेले खेळातच सोडावे. डाव संपला की चोरांनी आपण काय काय थापा मारल्या ते सगळ्यांसमोर सांगावे, आणि ज्याला चुकून कट्ट्यावर पाठवले त्याला गावाने विचारावे, "तुझ्या मिनिटात तू जे बोललास ते आम्ही ऐकलं का?" पाच मिनिटांची ही बोलणी डावाइतकीच रंगतात. मग पाने गोळा करून पिसावीत आणि दुसऱ्याला सूत्रधार करावे. पहिला डाव वीस-पंचवीस मिनिटांत आटोपतो; रात्र तोवर लहानच असते.